एकतीस की बत्तीस

नाना कमांड आधी मोठ्याने म्हणत, मग टाईप करत आणि एंटर दाबण्याआधी पुन्हा एकदा म्हणत. खोलीत कुणी असो वा नसो. जळगावच्या एमआयडीसीत आमचं छोटंसं युनिट होतं, कापसाच्या जिनिंग प्रेससाठी कंट्रोलर बनवणारं. मागच्या खोलीत हिरव्या अक्षरांचा एक कॉम्प्युटर, आणि त्याच्यासमोर लाकडी स्टुलावर मांडी घालून बसलेले नाना. स्टुलावर मांडी कशी घालता येते हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. डिप्लोमा करून मी तिथे लागले, त्या पहिल्या सकाळी दारातूनच ऐकलं, "फाईल प्रेस. चिप बत्तीस. लिस्टिंग पाहिजे. हेक्स पाहिजे. सिम्बॉल पाहिजेत." मला वाटलं, आत कुणी टंकलेखक बसलाय आणि हे त्याला मजकूर सांगताहेत. आत दुसरं कुणीच नव्हतं. तो आवाज मी आजही ऐकते. एंटरवर बोट गेलं की मागे कुणीतरी उभं राहतं आणि विचारतं, "चिप कोनती शे?" मी वळून बघत नाही. पूर्वी बघायची.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. आम्ही प्रोग्राम लिहायचो तो अक्षरांत. चिपला कळतात फक्त आकडे. मधलं भाषांतर करणारा जो प्रोग्राम, त्याला असेंब्लर म्हणतात. पण चिपचीही घराणी असतात, आणि एकाच घराण्यातली भावंडं सारखी दिसली तरी सारखी नसतात. आमच्या घराण्यातल्या दोघी म्हणजे ८०३१ आणि ८०३२. आमच्या बोलण्यात एकतीस आणि बत्तीस. बत्तीसच्या पोटात वेळ मोजणारे तीन टायमर, एकतीसच्या पोटात दोन. बाकी जवळजवळ सगळं डिट्टो. तेव्हा आपण कोणासाठी लिहितोय हे असेंब्लरला कमांडमध्येच सांगावं लागायचं. त्याला आम्ही ऑप्शन म्हणायचो. चिपचा ऑप्शन, लिस्टिंगचा ऑप्शन, असे पाच-सहा. चार-दोन अक्षरांचा मामला. नाना मात्र त्या अक्षरांपुढे असे सावरून बसत की बघणाऱ्याला हसू यावं. मी हसायचेच.

नाना धुळ्याकडचे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेडिओ दुरुस्त करता करता टीव्ही, टीव्ही करता करता हे. इंग्रजी ते एकेक अक्षर लावून वाचत. असेंब्लरच्या मॅन्युअलची एक झेरॉक्स त्यांच्याकडे होती, तिला शाळेच्या पुस्तकासारखं खाकी कव्हर घातलेलं. त्यातलं ऑप्शनचं प्रकरण त्यांना तोंडपाठ होतं, उच्चार स्वतःचे. मी एकदा म्हटलं, "नाना, तुमची पोथी द्या जरा." त्यांनी पुस्तक दिलं, पण हात धुवून यायला लावलं. भरीत खाल्लं होतं मी डब्यात, ते त्यांच्या नाकाला कळलं होतं. मी हात पुसत परत आले तर नाना म्हणाले, "पोथी म्हन, काहीबी म्हन माय. पोथीमा चूक वाचं तं देव काही बोलस नही. अठे चूक वाचं तं मशीन बोलस." मला ते 'माय' म्हणत. बावीस वर्षांच्या पोरीला माय. आमच्या खान्देशात ते लेकीलाच म्हणायचं असतं.

असेंब्लरवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि रागही नव्हता. "हाऊ भोया शे," ते पडद्याकडे बोट करून सांगत. भोळा आहे. "तू जे सांगशी ते खरं मानस. नही सांगं तं सोताच्या मनानं घेस." काम संपल्यावर पडद्यावर 'शून्य चुका' असं इंग्रजीत उमटायचं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडायचा. नानांचा पडायचा नाही. "शून्य चुका म्हंजे काय? त्याले दिसन्या नहीत, इतलंच. शेतस का नही ते तू दख." मग ते लिस्टिंग, म्हणजे मूळ प्रोग्राम आणि त्याचं भाषांतर शेजारीशेजारी, छापायला लावत आणि पेन्सिल घेऊन ओळीओळीवरून फिरत. प्रिंटरचा कर्रकर्र आवाज आणि मे महिन्यातल्या पत्र्याखालचा उकाडा. मला ते सगळं फार जुनाट वाटायचं.

एवढ्यासाठीच मी बॅच फाईल केली. एकच अक्षर टाईप करायचं, की सगळे ऑप्शन आपोआप लागून कमांड चालते. पॉलिटेक्निकमध्ये आम्ही सगळे तसंच करायचो. मी मोठ्या कौतुकाने नानांना दाखवली. त्यांनी बघितली, मान डोलावली, "हुशार शे पोर" म्हणाले आणि पुसून टाकली. मला रडू यायचं बाकी होतं. चहा झाल्यावर स्वतःच समजावायला आले. "दख माय. रोज पाच ऑप्शन टाईप करं तं हात थकस. पन डोकं जागं रहास. तुनी ती फाईल हात वाचाडस आनि डोकाले झोपाडस." मी "हो नाना" म्हटलं आणि घरी जाऊन ती फाईल माझ्या फ्लॉपीवर पुन्हा केली. मला वाटलं, म्हाताऱ्याला कळायचं काय. म्हातारे म्हणजे तेव्हा त्रेपन्न वर्षांचे असतील.

त्यांची सगळ्यात कडक शिस्त लेबलची. प्रोग्राम ज्या चिपमध्ये भरतात ती एकतीस-बत्तीसहून वेगळी, बोर्डावर त्यांच्या शेजारी बसणारी. तिच्या पाठीवर काचेची एक खिडकी असते, तिच्यावर ऊन पडलं तर आतलं पुसलं जातं. म्हणून तिच्यावर कागद चिकटवतात. बाकीचे लोक तिथे कसलाही चिटोरा लावत. नाना त्यावर बारीक अक्षरात अख्खी कमांड लिहीत, सगळ्या ऑप्शनसकट, खाली तारीख आणि सही. ज्याने कमांड दिली त्यानेच लेबल लिहायचं, दुसऱ्याने नाही. वर्षभरात माझंही लेबल त्यांच्यासारखं दिसू लागलं. ते हातात घेऊन चष्मा वर करत आणि "सुंदर" म्हणत. माझ्या आयुष्यात माझ्या कामाला सुंदर म्हणणारा तो पहिला माणूस.

आमचा कंट्रोलर काय करायचा तेही सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. प्रेसमध्ये रुई भरतात, वरून लोखंडी पाट दाबत खाली येतो, रुईची गाठ होते आणि कामगार तिच्याभोवती पट्ट्या ओवतो. पाट जागेवर आला की एक स्विच दाबला जातो आणि पाट थांबतो. पण जिनमध्ये, म्हणजे कापसाच्या कारखान्यात, रुई कुठेही शिरते. स्विचमध्ये शिरली तर तो दाबला जाणार नाही. म्हणून नानांनी प्रोग्राममध्ये एक मोजणी ठेवली होती. ठरावीक सेकंदांत स्विचकडून निरोप आला नाही, तर पाट आपोआप थांबवायचा. ही मोजणी तिसऱ्या टायमरवर चालायची. बत्तीसवर.

मग बाजारात बत्तीस मिळेनाशी झाली. मुंबईच्या व्यापाऱ्याने एकतीस पाठवल्या. नाना तीन दिवस डोकं धरून बसले आणि त्यांनी एकाच प्रोग्राममध्ये दोन वाटा केल्या. कमांडमध्ये बत्तीस म्हटलं तर मोजणी तिसऱ्या टायमरवर. एकतीस म्हटलं तर तीच मोजणी दुसऱ्यावर, जरा वळसा घेऊन. फार सुरेख काम होतं ते. मला आजही कुणी विचारलं की चांगला प्रोग्राम म्हणजे काय, तर तेच पान आठवतं.

दिवाळीनंतर कापसाचा हंगाम ऐन भरात होता. पाचोऱ्याच्या एका जिनमध्ये नवा कंट्रोलर बसवायचा होता आणि त्यांचे निरोपावर निरोप येत होते. नाना चुलतभावाच्या दिवसांना धुळ्याला गेलेले. शेठजी म्हणजे आमचे मालक, दोनदा मागच्या खोलीत डोकावून गेले. "नाना उद्या येतील. तोवर तू तयार ठेव. जमेल ना?" मी म्हटलं, जमेल. मी फ्लॉपी घातली, एक अक्षर टाईप केलं आणि एंटर दाबलं. शून्य चुका. चिप भरली, टेस्ट बोर्डावर लावली, स्विच तोडून बघितला. मोजणी बरोबर झाली, पाटाच्या जागी लावलेला दिवा विझला. मग मी लेबल लिहिलं. सुंदर अक्षरात, सगळे ऑप्शन, चिप एकतीस.

माझ्या बॅच फाईलमध्ये चिप बत्तीस होती. फाईल जुनी होती, मी ती बदलली नव्हती. लेबल मात्र मी जे चाललं ते बघून लिहिलं नाही, जे चालायला हवं होतं ते लिहिलं. हाताला सवय होती. आणि टेस्ट बोर्डावर अजून जुनी बत्तीसच बसवलेली होती, म्हणून टेस्टही पास झाली. पाचोऱ्याला जाणाऱ्या बोर्डावर एकतीस होती. तिच्या पोटात तो तिसरा टायमर नव्हताच. मोजायला सांगितलं होतं, पण मोजणारं आत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नाना आले, डोकं भादरलेलं, डोळे लाल. त्यांनी चिप हातात घेतली. "चिप कोनती शे?"

"एकतीस."

"टेस्ट?"

"झाली नाना. स्विच तोडूनसुद्धा बघितलं."

त्यांनी चष्मा वर करून लेबल वाचलं. एरवी त्यांनी लिस्टिंग मागितलं असतं. त्या दिवशी नाही मागितलं. "सुंदर," म्हणाले आणि चिप खिशात घालून पाचोऱ्याची गाडी पकडायला गेले.

पंधरा दिवस प्रेस उत्तम चालली. मग एका दुपारी स्विचमध्ये रुई अडकली. धनराज नावाचा तरुण गाठीला पट्ट्या ओवायचा. पाट रोज कुठे थांबतो हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. त्या हिशेबाने त्याने हात घातला. पाट थांबला नाही. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

नाना पाचोऱ्याहून बोर्ड घेऊन आले. मागच्या खोलीत गेले, चिपवरचं लेबल पुन्हा पुन्हा वाचलं, मग कॉम्प्युटरवर माझ्या कामाची लिस्टिंग फाईल काढून छापायला लावली. लिस्टिंगच्या पहिल्या पानावर सगळ्यात वर असेंब्लर स्वतःच छापतो, आपल्याला कोणत्या कमांडने बोलावलं ते. तिथे तो खोटं बोलत नाही. मी दारात उभी होते. कागद वर सरकला. नानांनी ती ओळ वाचली. तोंडाने वाचली, पण आवाज न काढता. फक्त ओठ हलले. काय झालंय ते तोवर मला कळलं नव्हतं. ते ओठ बघून कळलं.

त्यांनी पान फाडलं, चौघडी केली आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात घातली. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर मी आज हे लिहीत बसले नसते. ते म्हणाले, "माय, तू जेवनी का?"

संध्याकाळी शेठजींच्या केबिनमध्ये जिनचे मालक बसलेले होते. शेठजींनी विचारलं, "नाना, हे कुणाच्या हातून झालं?" नाना ऑफिसात बोलायचे त्या जपून जपून केलेल्या मराठीत म्हणाले, "धुळ्याहून आल्यावर कमांड मी पुन्हा दिली होती. चिपचा ऑप्शन चुकला. लेबल हिने लिहिलं, पण मी सांगितलं तसं." "नाना, तुमच्याकडून?" शेठजी एवढंच म्हणाले. मी भिंतीला टेकून उभी होते. माझं तोंड उघडलं होतं हे मला आठवतं. त्यातून काही बाहेर आलं नाही हेही आठवतं. नंतर मी स्वतःला पुष्कळ कारणं दिली. घरात माझ्या लग्नाची बोलणी चालू होती, वडिलांनी सगळ्या गल्लीत मुलगी इंजिनीअर म्हणून सांगितलेलं. खरं कारण एकच. मला भीती वाटली. त्याला दुसरं भारदस्त नाव नाही.

नानांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. जायच्या दिवशी ते सगळ्यांना भेटले. मी बाथरूममध्ये जाऊन बसले, आणि त्यांची पावलं फाटकाबाहेर गेल्यावर बाहेर आले. त्यांनी मला विचारलं नाही, हाक मारली नाही, नंतर कधी एक ओळ पाठवली नाही. कुणीतरी सांगितलं, धुळ्यात एका बोळात पुन्हा रेडिओ दुरुस्त करतात. रेडिओ तरी तेव्हा कोण दुरुस्त करून घेत होतं?

पुढे माझं लग्न झालं, मी नाशिकला गेले, मोठ्या कंपनीत लागले. माझं काम बिनचूक असतं अशी माझी ख्याती आहे. नव्या मुलांना मी ऑप्शन मोठ्याने म्हणायला लावते. ती माझ्या माघारी हसतात, मला कळतं. त्यांना मी शिस्तीची बाई वाटते. त्यांना काय माहीत, मी रोज एंटर दाबण्याआधी श्वास धरते, आणि कधीकधी कोऱ्या पडद्याच्या काचेत मला चष्मा वर केलेला एक माणूस दिसतो. तो रागावलेला नसतो. रागावलेला असता तर सोसलं असतं.

नाना गेल्याचं कळलं तेव्हा त्या अपघाताला सहा-सात वर्षं झाली होती. जळगावच्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पत्रात शेवटी एक ओळ होती, 'आपले नाना मागच्या महिन्यात वारले.' मी ती ओळ वाचली आणि माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगायची लाज वाटते. आता हे कुणालाच माहीत नाही, असा आला. दुसरा विचार यायला दोन दिवस लागले. मग मी रजा टाकली आणि पाचोऱ्याला गेले.

धनराजचं घर सापडायला वेळ लागला नाही. रेल्वेफाटकापलीकडे त्याने किराणा टाकला होता, मागेच घर. तोच गल्ल्यावर होता. डाव्या हाताने साखर जोखत होता, अंगठ्याने पुडी दाबून धरत होता. मी कोण ते सांगितलं तर दुकान बायकोवर सोपवून मला आत घेऊन गेला, खुर्ची दिली, चहा सांगितला. मी चहा यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली. बॅच फाईल, लेबल, टेस्ट बोर्ड. त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण शेवटचं कळलं. "नानांनी काही केलं नव्हतं. ते मी केलं. ते माझ्यासाठी खोटं बोलले."

तो माझ्यासमोर खाली बसला.

"नाना दर आखाजीले येत व्हतात," तो म्हणाला. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया. "धुळाथून. आंबा घीसन येत. पहिले साल मी दार उघाडं नही. दुसरे साल शिव्या दिध्यात, बठ्ठा गल्लीसमोर. तरी परत उनात. तिसरे साल दिवसभर पायरीवर बठनात. कडक ऊन व्हतं. मनी बायकोले दया उनी, ती बोलनी, काहीबी करा पन म्हातारा माणूसले घरमा ल्या."

"मग?"

"मंग काय. जेवाले बठाडं. आनि मी सांगं, नाना, जाऊ द्या, मना मनमा आते काही नही. ते रडनात, मी बी रडना." त्याने अंगठा पँटीवर घासला. "तुमले सांगू ताई? तो दिवसथून माले झोप लागाले लागनी. तीन साल लागं नही व्हती."

चहा आला आणि तसाच राहिला.

"ते खोटं बोलनात म्हंतस तुम्ही."

"हो."

"मंग मी माफ कोनले करं?"

मी त्याच्याकडे बघत होते. मी ज्यासाठी आले होते ते मला आता स्पष्ट कळत होतं, आणि त्यालाही कळलं असावं, कारण त्याने माझ्या चेहऱ्यावरची नजर काढून घेतली.

"मनाजोडे ते इतलंच व्हतं, ताई," तो म्हणाला. "ते मी नानाले दी टाकं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो उठला आणि गिऱ्हाईक आलं म्हणून दुकानात गेला. मी थोडा वेळ बसले, मग मागच्या दाराने बाहेर आले. दार उघडंच राहत होतं, ते मी ओढून लावलं आणि स्टेशनकडे चालू लागले.